थरथरणाऱ्यांचे मास्तर

मास्तरांचे विद्यार्थी नापास होतात, ही गोष्ट त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इतकी जुनी झाली होती की कोपऱ्यातल्या बंद पंख्याकडे जितकं लक्ष जाई तितकंच तिच्याकडे जाई. विद्यार्थी नापास होत, परत मास्तरांकडेच येत, पुन्हा नापास होत, मग कधीतरी पास होत आणि जाताना मास्तरांचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणत. तिथला दुसरा शिकवणारा म्हणजे सुसाट; त्याचे विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास होत आणि नंतर रस्त्यात भेटले तर त्याला ओळखही दाखवत नसत. या दोन गोष्टींवर विचार करावा असं कुणाला वाटलं नव्हतं. विचाराचं तिथे फारसं काम नसे. क्लच आणि ब्रेक यांवर भागत असे.

मास्तर पन्नाशी ओलांडलेले, अंगाने बारीक. झोपलेल्या तान्ह्या बाळाशेजारी बसून बोलावं तसा आवाज. आधी ते एका बेकरीची गाडी चालवत. केक पोहोचवणाऱ्या माणसाला हळू ब्रेक दाबायची जी सवय लागते ती जन्मभर सुटत नाही. बेकरी बंद पडली, मास्तर शिकवणाऱ्याच्या सीटवर आले, पण चालकाच्या जागी बसलेला माणूसही त्यांना वरची क्रीम न हलवता पोहोचवायचा ऐवजच वाटे. सुसाटचं सगळं निराळं. वय तिशीच्या आत, डोळ्यांवर गॉगल, शिकवण्याची भाषा तीन शब्दांची: दाब, सोड आणि हं. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

शाळा म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि तिच्या आत मालकांची छोटी खोली. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला फोटो स्टुडिओ. काचेच्या दारावर ‘ढकला’ असं लिहिलेलं होतं आणि दार ओढल्याशिवाय उघडत नसे. पाटी चिकटवणाऱ्याने घाईत बाजू चुकवली होती. ती बदलायचं काम मालकांनी मनावर घेतलं होतं. मनावरून ते खाली कधी उतरलं नाही.

दाराच्या बरोबर समोर काउंटर आणि काउंटरमागे वहिनी. त्या नक्की कुणाच्या वहिनी हे विचारायची सोय राहिली नव्हती; मालकांपासून किल्लीवाल्यापर्यंत सगळे वहिनीच म्हणत. नवीन माणसाला कुणाच्या गाडीत बसवायचं हे त्या ठरवत, आणि माणूस आत यायच्या आधीच ठरवत. पाटीला न जुमानता जो दार ओढून सरळ आत येई, तो सुसाटकडे. जो ढकली, मग पाटी पुन्हा वाची, मग आणखी हलक्या हाताने ढकली, मग काचेतून वहिनींकडे बघत आपलंच काहीतरी चुकलं असावं असं हसे, तो मास्तरांकडे. याचा नियम कुठे केलेला नव्हता की चर्चा झाली नव्हती. मेथी निवडताना कोण नियम करतं?

अशी सगळी नीट घडी बसलेली असताना मालकांचा जावई एक वर्ग करून आला. शनिवार-रविवारचा, व्यवस्थापनाचा. त्या वर्गात त्याला असं शिकवलं होतं की जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, आणि मोजण्यासाठी त्याच्या हाताशी सासऱ्यांची शाळाच होती. त्याने जुनी रजिस्टरं चाळली, कोणाचे किती पास आणि किती नापास ते काढलं आणि एक रंगीत तक्ता करून मालकांच्या खुर्चीमागे लावला. त्यात सुसाटच्या नावावर उंच हिरवा खांब होता. मास्तरांच्या नावावर लाल खांब होता, पण त्याला खांब म्हणणं हा मोठेपणा झाला. तो उंबरठा होता.

मालक तक्त्याकडे पाठ करून बसत, त्यामुळे त्यांच्यासमोर येणारा प्रत्येक माणूस आधी तक्ता वाची आणि मग मालकांकडे बघे. चौथ्या-पाचव्या माणसाने “कोण हो हे मास्तर?” असं विचारल्यावर मालकांनी मास्तरांना बोलावलं. मालक मनाने वाईट नव्हते, त्यांना फक्त समोरच्याला वाईट बातमी देताना पेनाचं टोपण काढायची आणि लावायची सवय होती. टोपण काढत त्यांनी सांगितलं की शाळेचं नाव खराब होतंय. टोपण लावत सांगितलं की येता हंगाम बघू. हंगामाअखेरीस ज्याचा खांब बुटका असेल त्याला रजा द्यावी लागेल, मग तो कुणीही असो. कुणीही म्हणजे कोण हे तिघांनाही ठाऊक होतं, तिसरा तक्ता.

मास्तरांना दुसरी नोकरी मिळेल अशी आशा त्यांच्या बायकोलाही नव्हती, आणि तिला सहसा सगळ्या गोष्टींची आशा असे. एक जागा मात्र रिकामी होती. साडूच्या गोदामात खोकी चिकटवायला माणूस हवा होता. साडू हे गेली काही वर्षं दर भेटीत प्रेमाने सांगत आला होता, “आपलंच आहे सगळं, केव्हाही या.” त्या प्रेमाच्या धास्तीनेच मास्तर इतकी वर्षं एकही दिवस उशिरा कामावर गेले नव्हते. पण गोदामापेक्षाही एक गोष्ट त्यांना आतून कुरतडू लागली. आपण वाईट शिकवतो, असं आजवर त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता रोज तक्ता बघून वाटायला लागलं. ते उतारावर गप्प राहायचे तिथे बोलायला लागले, आणि ते बोलायला लागले की विद्यार्थी जास्तच घाबरायला लागले.

याच सुमारास प्राध्यापिकाबाई आल्या. दारापाशी त्यांनी एकदा ढकललं. मग मागे सरकून उभ्या राहिल्या आणि किल्लीवाल्याचा मुलगा आत जाताना काय करतो ते बघितलं. त्याने ओढलं. तरीही एकाच माणसावरून निष्कर्ष काढणं बरं नव्हे म्हणून त्यांनी पुन्हा ढकललं. वहिनींनी तेवढ्या वेळात त्यांचं नाव मास्तरांच्या पानावर लिहून टाकलं होतं.

बाई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या हाताखाली लोक डॉक्टरेट करत, आणि गाडीच्या परीक्षेत त्या दुसऱ्या शाळांमधून इतक्यांदा नापास झाल्या होत्या की आकडा त्या सांगत नसत. हा त्यांनी न सांगितलेला एकमेव आकडा असावा. त्यांचा दोष एकच होता. समोर काही आलं की ते खरंच समोर आलंय याची खात्री पटेपर्यंत त्या ब्रेक दाबत नसत.

पहिल्याच आठवड्यात चौकाकडे जाताना त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या मालकांच्या मागचा तो तक्ता चुकीचा आहे.”

“मॅडम, ब्रेक.”

“म्हणजे तक्ता बरोबर आहे. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.”

“मॅडम, आधी ब्रेक,” असं म्हणून मास्तरांनी आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला. गाडी एका सायकलवाल्याच्या मागच्या चाकाला नमस्कार करून थांबली. सायकलवाला जे बोलला ते बाईंनी ऐकलं नाही, कारण त्या विषयात शिरल्या होत्या.

त्यांनी विचारलं की हातात काठी असलेली माणसं बिनकाठीच्या माणसांपेक्षा जास्त वेळा पडतात, हे मास्तरांना मान्य आहे का. मास्तर म्हणाले, आहे. “मग काठी पाडते का? सगळ्यांच्या काठ्या जप्त करायच्या?” मास्तर म्हणाले, छे, वय झालेलं असतं म्हणून काठी येते आणि वय झालेलं असतं म्हणूनच माणूस पडतो. बाईंनी मान डोलावली. मास्तर ही काठी आहेत, असं त्यांनी सांगितलं. घाबरट माणसं मास्तरांच्या हाती येतात आणि घाबरट असतात म्हणूनच पडतात. तक्त्यात घाबरणं कुठे दिसत नाही, काठी तेवढी दिसते.

मास्तरांना आजवर कुणी काठी म्हटलेलं नव्हतं.  याला काही नाव आहे का, असं त्यांनी विचारलं. माणसाला आजार आहे हे कळल्यावर तो पहिल्यांदा नावच विचारतो.

“आहे ना. इंग्रजीत कन्फाउंड म्हणजे रोजच्या बोलण्यात एखाद्याला चक्रावून सोडणं,” बाई म्हणाल्या. “आमच्या शास्त्रात अर्थ जरा वेगळा. दोन कारणं एकमेकांत अशी मिसळतात की कुठल्यामुळे काय झालं ते निवडून काढता येत नाही. लपून बसलेलं जे कारण, तो कन्फाउंडर. आणि गंमत अशी की तो असताना माणूस मुळीच चक्रावत नाही. त्याला सगळं अगदी स्वच्छ दिसत असतं. तुमच्या मालकांसारखं.”

मागच्या गाड्या एव्हाना भोंग्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. मास्तरांनी बाईंना पहिला गिअर टाकायला सांगितला आणि तो शब्द मनातल्या मनात घोळवत ते पुढच्या रस्त्याकडे बघत राहिले. बऱ्याच दिवसांनी ते उतारावर गप्प होते.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लग्नाआधी मी इतकी चिडकी नव्हते. मग तेही तुमच्यामुळे नाहीच का?”

“तिसरं काहीतरी कारण असणार.”

“तिसरं कशाला, पहिलंच आहे. समोर बसून जेवतंय.”

तरी शब्द तिलाही आवडला. शब्दाचं असंच असतं. अर्थाला वेळ लागतो, शब्द लगेच कामाला येतो. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत फिरू लागला. मास्तरांनी तो मालकांना सांगितला, तेव्हा मालकांनी टोपण काढून विचारलं, “कोण हा? आपल्या पगारावर आहे का?” तसं नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस गेला. सुसाट पुढच्या रिक्षाला “ए कन्फाउंडर, बाजूला घे” असं ओरडायला लागला. चहा थंड आला तर किल्लीवाला म्हणे, आज चहात कन्फाउंडर आहे. विद्यार्थी तर त्यावर तुटूनच पडले. एका फुलवाल्याने रिव्हर्स घेताना खांबाला गाडी लावली आणि उतरून, खांबाकडे बोट दाखवून, तोच शब्द उच्चारला. आणि मास्तर, जे एरवी त्याला शांतपणे पुन्हा गाडी मागे घ्यायला लावत, ते म्हणाले की असं होतं, तुमचा दोष नाही. नापास होऊन आलेल्या एका शिंप्याला त्यांनी संबंध तासभर काठीचं उदाहरण सांगितलं. शिंपी फार समाधानाने घरी गेला आणि पुढच्या खेपेला आणखी ठळक नापास झाला.

बाई मात्र शब्दावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मालकांसमोर बसून उपाय सांगितला. नवीन येणारा माणूस कुणाकडे जाणार हे कुणी ठरवायचंच नाही. दोन नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डबा हलवायचा, निघेल त्याच्या गाडीत बसवायचं. म्हणजे घाबरट आणि धीट दोघांच्याही वाट्याला सारखेच येतील, आणि मग हंगामाअखेरीस तक्ता काय म्हणतो त्याला अर्थ येईल. यात खर्च एका बिस्किटाच्या डब्याचा आहे हे कळल्यावर मालकांना शास्त्राबद्दल एकदम आदर वाटायला लागला. हे आपल्याला वर्गातही शिकवलं होतं, असं जावयाने सांगितलं. डबा वहिनींच्या ताब्यात आला. वहिनींनी बाईंचं सगळं म्हणणं मान हलवत ऐकलं. इतकं ऐकून घेणारी बाई पुढे काय करणार याची शंका यायला हवी होती, पण तिथे सगळेच शिकलेले होते.

हंगाम सुरू झाला. डबा खुळखुळे, चिठ्ठी निघे, माणूस गाडीत बसे. पहिल्या परीक्षेत मास्तरांचे सगळे नवे विद्यार्थी पास झाले. दुसऱ्या परीक्षेत जवळजवळ सगळे. जावयाने नवा तक्ता लावला, त्यात मास्तरांचा खांब हिरवा होऊन छतापर्यंत गेला होता आणि सुसाटचा खांब कुठे आहे ते वाकून बघावं लागे. मालकांनी शेजारच्या स्टुडिओत मास्तरांचा फोटो काढून घेतला आणि काउंटरच्या वर टांगला. फोटोसाठी बायकोने नवा शर्ट आणला. फोटोत मास्तरांनी छाती काढली होती, जी त्यांना आहे हे घरात कुणाला माहीत नव्हतं. बायकोने साडूला फोन करून गोदामातल्या जागेसाठी दुसरं कुणी मिळालं का, अशी आपुलकीने चौकशी केली.

मास्तर बदलले. हात पाठीमागे बांधून चालू लागले. सुसाटला सांगू लागले की बाबा रे, आवाज चढवून काही होत नाही, शिकवणं ही आतून यायची गोष्ट आहे. सुसाट आजकाल गॉगल लावत नव्हता. ऐकून घेई आणि निघून जाई.

पण गाडीत बसल्यावर मास्तरांना काहीतरी चुकल्यासारखं वाटे. नवे विद्यार्थी आरसा बघत, क्लच सोडत, चढावर गाडी थांबवून सुरळीत पुढे नेत आणि तेवढ्यात मास्तरांना विचारत की गाण्याचा आवाज वाढवू का. कुणी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत नव्हतं. कुणी स्टिअरिंगला बुडत्याने फळीला धरावं तसं धरत नव्हतं. एका व्यायामशाळेच्या शिक्षकाने तर वळणावरून गाडी नेताना मास्तरांना त्यांची पाठ सरळ ठेवायला सांगितलं. मास्तरांना वाटायला लागलं की आपण भाडं देऊन बसलेलो आहोत. त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटे ते प्राध्यापिकाबाईंच्या तासाला; त्या डब्याच्या आधीच्या, म्हणून त्यांच्याकडेच राहिल्या होत्या, आणि अजून एकदाही वेळेवर थांबल्या नव्हत्या.

एके दिवशी दुपारी मोठ्या चौकात वाहनं तुंबली होती. मास्तरांच्या गाडीसमोर सुसाटची गाडी मधोमध बंद पडलेली होती. स्टिअरिंगवर एक नर्स कपाळ टेकून बसली होती आणि खांदे हलत होते. सुसाट बाहेर उभा राहून, खिडकीतून आत वाकून तिला काहीतरी सांगत होता, पण त्याचा आवाज पार बसला होता, त्यामुळे दाब आणि सोड दोन्ही सारखेच ऐकू येत होते. मास्तर उतरले. दोघांनी मिळून गाडी कडेला ढकलली. नर्स म्हणत होती की ती आता जाते, तिला नको, तिला बस बरी. मास्तर खिडकीशी गेले आणि म्हणाले, “जा की. पाणी प्या आणि मग जा.” ती पाणी प्यायली आणि गेली नाही.

कडेला उभा राहून सुसाट म्हणाला, “महिनाअखेर मला रजा देणार म्हणाले मालक. जाऊ दे, माझं काही नाही, मी कुठेही गाडी चालवीन. पण मास्तर, यंदा माझ्याकडे सगळी अशीच माणसं आलीत हो. अख्ख्या हंगामात एकही सरळ माणूस नाही. अर्धी तर दुसऱ्या दिवशी परत येतच नाहीत. तुमच्याकडे बरी येतात नेमकी...” तो बोलताबोलता थांबला आणि मास्तरांकडे नीट बघायला लागला, जसा आपण ओळखीच्या घराचा मागचा दरवाजा पहिल्यांदा बघावा.

मास्तर थेट वहिनींकडे गेले. डबा काउंटरवर होता. त्यांनी विचारलं, चिठ्ठी कशी काढता.

“बाईंनी सांगितलं तशीच. डबा हलवते, काढते.”

“आणि?”

वहिनींनी रजिस्टर बंद केलं. “आणि माणूस दार ढकलत आला आणि चिठ्ठी तुमची निघाली, तर परत टाकून दुसरी काढते. ओढत आलेल्याला सुसाटची निघाली तरी तेच. परत काढायची नाही असं कुठे बोलल्या होत्या त्या? भाऊजी, तुमची नोकरी चालली होती. मी काय डब्याकडे बघत बसू?”

मास्तरांनी खुर्ची ओढून घेतली. वर त्यांचाच फोटो छाती काढून बसला होता. त्यांनी विचारलं, मग आधी इतकी वर्षं ती सगळी ढकलणारी माणसं माझ्याकडे का पाठवत होतात. वहिनी म्हणाल्या की दुसरं काय करणार, सुसाटकडे पाठवली असती तर पळाली असती. हा काय प्रश्न झाला.

“म्हणजे मी चांगलं शिकवतो असं तुम्हाला वाटतं?”

“ते मला काय ठाऊक? मी कुठे कधी गाडीत बसलेय. तुमच्याकडून ती पळत नाहीत एवढं ठाऊक आहे.”

मास्तरांनी दोन दिवस विचार केला, म्हणजे गप्प राहायची कारणं शोधली. आणि कारणं भरपूर सापडली. शास्त्राची गोडी लागली की ती सापडतातच. सुसाट तरुण आहे. त्याने एकदा फोटोला बघून डोळा मारला होता. शिवाय आपण तर काही केलेलं नाही, केलं ते वहिनींनी. सगळं ऐकून बायको म्हणाली, “एवढं बोलताय म्हणजे उद्या सांगणार आहात. शर्ट इस्त्री करून ठेवू का?”

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत मालक, जावई, मास्तर आणि तक्ता. मास्तरांनी बाईंनाही बोलावून घेतलं होतं, कारण काठीचं उदाहरण ऐन वेळी उलटसुलट होण्याची त्यांना भीती होती. त्यांनी जे होतं ते सांगितलं. वहिनींचं नाव न घेता सांगायचा त्यांनी प्रयत्न केला, पण चिठ्ठ्यांचा डबा दुसऱ्या कुणाकडे नव्हताच.

मालकांनी टोपण काढलं. “म्हणजे दोघंही चांगले?”

“नाही साहेब. म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही.”

“काहीच माहीत नसताना मी दोघांना पगार देतोय?”

“इतकी वर्षं तसाच देताय,” मास्तर म्हणाले. एवढं धाडस त्यांच्या तोंडून निघालं यात नव्या शर्टाचा किती भाग होता हे वेगळं काढता येणार नाही.

जावई म्हणाला, प्रयोग नासला, आता पुन्हा पहिल्यापासून.  बाईंनी जुना तक्ता मागितला, नव्याशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की प्रयोग नासला हे खरं, पण तो फार व्यवस्थित नासलाय. आधी दार ढकलणारे सगळे मास्तरांकडे होते. यंदा ते सगळे सुसाटकडे गेले. म्हणजे घाबरट माणसं दोघांच्याही हाताखालून एकेकदा जाऊन आली आहेत, आणि धीट माणसंही. आता तक्ता मास्तरांचा आणि सुसाटचा करायचा नाही. घाबरटांचा वेगळा आणि धिटांचा वेगळा करायचा.

जावयाने रजिस्टरं आणली. वहिनींना आत बोलावून कोण ढकलत आलं होतं आणि कोण ओढत, हे विचारलं. त्यांना सगळे आठवत होते, काहींचे तर कपडेही. हिशेब झाला. धीट माणसं कुणाकडेही गेली तरी पास होत होती. सुसाटकडे थोडी लवकर. घाबरट माणसं मास्तरांकडे रडतखडत का होईना, शेवटी बरीचशी पास होत. सुसाटकडे त्यांतली निम्मी पळून गेली होती आणि उरलेल्यांपैकी पास झालेला एक माणूस होता, तोही परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरच्या ओळखीचा निघाला.

बाईंनी बजावलं की हा काही भक्कम पुरावा नव्हे, हंगाम वेगळे, माणसं वेगळी, आणखी काय काय लपलेलं असेल सांगता येत नाही. मालकांनी हे ऐकलं नाही. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एक तक्ता कळला होता आणि तो हातचा जाऊ द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी टोपण लावलं. दोघंही राहतील. कोण कुणाकडे हे वहिनी ठरवतील, डबा बिस्किटांना परत. दोन्ही तक्ते काढायला लावले. जावयाने विचारलं की मग आता मोजायचं काय, तेव्हा त्यांनी त्याला दाराची पाटी उलट लावायला पाठवलं. वहिनींनी ते मध्येच थांबवलं. त्यांना काम करायचं होतं.

मास्तरांचा फोटोही खाली उतरला. त्यांनी तो घरी नेला. बायकोने तो कपाटाच्या आतल्या बाजूला लावला, म्हणजे कपाट उघडणाऱ्यालाच छाती दिसावी.

ही बातमी सुसाटला कुणी नीट सांगितली नाही. त्याला एवढंच कळलं की रजा मिळणार नाही आणि त्यामागे मास्तर आहेत. आभार मानायची त्याला सवय नव्हती. तो दोन दिवस मास्तरांच्या आसपास घुटमळला, गॉगल लावला, काढला, आणि मग म्हणाला की एक तास रिकामा आहे, मागच्या सीटवर बसलो तर चालेल का. बघायचंय म्हणाला.

तास प्राध्यापिकाबाईंचा होता. सुसाट मागे पाय आखडून बसला. गाडी निघाली, बाजारातून गेली, मुलांच्या शाळेसमोरून गेली, उताराला लागली. बाई स्टिअरिंग घट्ट धरून, ओठ मिटून चालवत होत्या. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. उताराच्या तळाशी एक म्हातारा रस्ता ओलांडायला उभा होता. बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. मास्तर काही बोलले नाहीत. बाईंनी त्या म्हाताऱ्याचा नीट विचार केला, आणि मग, जरा उशिरा, पण स्वतःच, ब्रेक दाबला. म्हातारा पलीकडे गेला. मास्तर तरीही काही बोलले नाहीत. एका दुकानावरची पाटी वाचत होते.

सुसाटने पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं काढलं. बराच वेळ तो काहीतरी सुरू होण्याची वाट बघत होता.

“मास्तर, राग नका मानू,” तो हळूच म्हणाला. “पण तुम्ही शिकवता कधी?”

“प्रश्न चांगला आहे,” बाई म्हणाल्या, आणि उत्तर ऐकायला अर्ध्या मागे वळल्या.

“तू जरा थांब रे,” मास्तर म्हणाले. “मॅडम, तुम्ही पुढे बघा. वळण आलं.”